छपरावर कोण चढणार?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण पाऊस यायच्या आत वाचलीत तर उपयोगाची आहे, नंतर वाचून नुसती हळहळ.

मे महिना लागला की आमच्याकडे दापोली तालुक्यात घराघरांत एकच चौकशी सुरू होते. आंब्याची नव्हे. "शाकारणीला माणूस मिळाला का?" ज्याला मिळाला तो कुणाला सांगत नाही, न जाणो दुसरा कोणी पळवायचा. ज्याला नाही मिळाला तो रोज संध्याकाळी खळ्यात उभा राहून वर बघतो आणि मनाशी ठरवतो, जाऊ दे, उद्या आपणच चढू. आजची पोस्ट या दुसऱ्या माणसासाठी आहे. आणि मुंबई-पुण्यात बसलेल्या त्याच्या मुलांसाठीही.

दरवर्षी चढायची वेळ येतेच का, ते आधी बघू. आपल्या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हजार चौरस फुटांचं छप्पर धरा आणि हिशोब करा. पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी एका घराच्या डोक्यावरून जातं. मंगलोरी कौल कुठंही चिकटवलेलं नसतं. ते आपल्या वजनानं रिपेवर बसतं आणि शेजारच्या कौलाच्या खाचेत अडकतं, बस्स. ते दोन बोटं जरी खाली सरकलं तरी पाणी थेट वाशावर. ओला वासा म्हणजे वाळवीला आमंत्रण. यंदा एक कौल सरळ करायचं राहिलं तर दोन वर्षांनी रीप बदलावी लागते आणि चार वर्षांनी वासा. कौलाच्या घराचा सगळा व्यवहार असा आहे, वेळेवर हात फिरवला तर स्वस्त, नाही फिरवला तर घर बसतं.

कौलं हलतात कशानं? वाऱ्यानं, वरून पडलेल्या सुक्या फांदीनं, खाचांत कुजलेल्या आंब्या-फणसाच्या पानांनी. आणि आता सर्वांत जास्त माकडांनी. माकडांचा कळप एकदा छपरावरून गेला की दहा-वीस कौलांचा हिशोब होतो. "माकडांमुळे पत्रे घातले" असं सांगणारी किती घरं आपल्याला माहीत आहेत ते मोजून बघा.

पूर्वी हे काम वाडी मिळून करायची. आज तुमचं घर, उद्या आमचं. खालून वरपर्यंत माणसांची रांग, हातोहात कौलं वर जायची, दुपारी घरधन्याकडे जेवण. त्या काळाचं मला उगाच कौतुक करायचं नाही. तेव्हाही माणसं पडायची आणि "नशीब" म्हणून विषय संपायचा. पण तेव्हा चढणारा पंचविशीचा असायचा आणि खाली दहा माणसं असायची. आज चढणारा पासष्टीचा असतो आणि खाली असते त्याची बायको, शिडी धरून.

जाणकार माणसं आता प्रत्येक गावात दोन-चार उरली आहेत आणि तीही साठीला टेकलीत. तरुण पोरं स्लॅबच्या, सेंट्रिंगच्या कामाला जातात. "आजकालच्या पोरांना नको कष्टाची कामं" असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या बाजूनं बघा. तिकडे आठ महिने काम आहे. इकडे पंधरा दिवस, तेही भर उन्हात, ना पट्टा ना दोर, आणि रोज तेवढाच. का यावं त्यांनी?

त्यात पावसाचं वेळापत्रक बिघडलंय. आपण पिढ्यान्पिढ्या मृग धरून चालतो, म्हणजे ७ जूनच्या आसपास. २०२५ साली पाऊस २५ मेलाच तळकोकणात येऊन थडकला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. कित्येक घरांची कौलं तेव्हा अर्धी उतरवलेली होती. हाताशी असलेले शेवटचे पंधरा दिवसच गेले. मग घाई. आणि छपरावरचं सगळ्यात मोठं संकट हीच घाई असते.

आमच्या वाडीतले एक काका त्या घाईत पडले. वय अडुसष्ट. पावसाची पहिली सर येऊन गेली होती, पडवीच्या कौलांवर ओल होती. मी खालून म्हटलं, "काका, उन्हं येऊ देत, मग चढा." ते म्हणाले, "अरे, चाळीस वर्षं चढतोय. आता काय होतंय?" पडवी ती केवढी, वर जेमतेम नऊ-दहा फूट. घसरले ते चिऱ्याच्या पायरीवर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, पण पुन्हा पूर्वीसारखा चालला नाही. मुलाची महिनाभराची रजा गेली, काकूंचं कंबरडं मोडलं, आणि घरात साठवलेलं होतं ते गेलं. जे कौल बसवायला ते चढले होते, त्या जागी अजून ताडपत्री आहे.

गावात यावर चर्चा काय झाली? "त्या वयात चढायचं कशाला?" अहो, चढायचं कशाला म्हणजे? गळतं म्हणून! हौस म्हणून कोणी चढत नाही. प्रश्न असा विचारायला हवा की अडुसष्ट वर्षांच्या माणसाला चढावं लागणार नाही अशी काय सोय आपण केली आहे?

त्या सोयीकडे मी येतो. आधी एक गोष्ट सांगतो, जी मी स्वतः दरवर्षी करून बघितली आहे. घराच्या बाहेरच्या कामांपैकी बरीचशी कामं जमिनीवर उभं राहून होतात. ती घरच्या माणसांनी एप्रिलपासूनच उरकली तर वर चढायचं काम एका दिवसावर येतं.

पहिली गोष्ट, छप्पर बाहेरून नव्हे, आतून तपासा. भर दुपारी दिवे बंद करा, दारं-खिडक्या लावून घ्या आणि वर बघा. जिथून उजेडाची तिरीप येते तिथलं कौल सरकलंय किंवा तडकलंय. खडूनं जवळच्या वाशावर खूण करा. पावसात गळलेली जागा आठवत असेल तर बरोबर तिच्या डोक्यावर भोक शोधू नका. पाणी वाशावरून ओघळत येऊन भलतीकडे टपकतं. भोक आढ्याच्या बाजूला, वर कुठंतरी असतं. सरकलेलं कौल बऱ्याचदा आतूनच, पक्क्या घोडीवर उभं राहून, दोन्ही हातांनी किंचित उचलून वर सारता येतं. कौलाच्या पोटाला असलेला दात रिपेवर बसला की झालं. माळा किंवा सीलिंग असेल तर अर्थात हे जमणार नाही. पण किती कौलं आणि कुठली, हे आधी माहीत असलं की वर चढणारा माणूस शोधत फिरत नाही. तो कमी वेळ वर राहतो. वर जेवढा वेळ कमी, तेवढा धोका कमी.

दुसरी गोष्ट, पन्हळ. पानं भरून पन्हळ तुंबली की पाणी मागं सरकून भिंतीत उतरतं. दोन पाखी मिळतात तिथल्या खोलगट पत्र्यातही हेच होतं. लांब काठीला वाकडा आकडा बांधला की पन्हळ खालून साफ होते. घरावर आलेल्या सुक्या फांद्या मात्र थंडीतच माहितगार माणसाकडून उतरवून घ्या, मे महिन्यात तो माणूसही मिळत नाही.

तिसरी गोष्ट, भिंती. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतोही. त्याला सोडू दिलं पाहिजे. आपण बाहेरून जाड सिमेंटचा गिलावा आणि वरून प्लॅस्टिकसारखा रंग मारतो. त्याला बारीक तडे गेले की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. मग आतला रंग फुगतो आणि आपण आतून रंग मारत बसतो. आतली ओल ही बहुतेक वेळा बाहेरची तक्रार असते. बाहेरच्या सांध्यांतली माती खरवडून ते पुन्हा भरणं, तडे भरणं, उघड्या चिऱ्याला चुना मारणं ही दोन-तीन रविवारांची कामं आहेत. हात पोचतो तिथपर्यंत घरच्यांनी करावी.

चौथी गोष्ट, पश्चिमेची बाजू. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, झड मारतो. जुनी माणसं पडवीला झावळ्यांची झापं बांधायची ती उगाच नाही. झापं विणणारे राहिले नाहीत तर ताडपत्री बांधा, पण बांधा. आणि ती भिंतीला घट्ट चिकटवू नका, वारा खेळायला वीतभर जागा सोडा.

पाचवी गोष्ट, जोतं. पागोळ्या जिथं पडतात तिथं चर पडतो, चरात पाणी साचतं, ते जोत्यात मुरतं. त्या रेषेवर खडी किंवा चिऱ्याचे तुकडे टाका, जमिनीला घरापासून लांब उतार द्या आणि पाण्याला गटारापर्यंत वाट करून द्या. शेजाऱ्याच्या खळ्यात नव्हे! गडग्यापलीकडे पाणी ढकललं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही, तो शेजारच्या घरात गेला. आपल्या ग्रामपंचायतीतली निम्मी भांडणं या एका गोष्टीवरून आहेत.

सहावी, पायऱ्यांवरचं शेवाळ. खरवडा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं घासा. मात्र ब्लीचिंग आणि संडास धुवायचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

आता कोणीतरी खाली लिहिणारच, "एवढी कटकट कशाला, पत्रे घाला." घाला. पण पत्रा म्हणजे देखभालीतून सुटका नव्हे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात पत्रे कसे उडाले ते आपण सर्वांनी पाहिलंय. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. पत्र्याला धरून ठेवणारा हूक गंजतो, त्याखालचा वायसर उन्हानं कडक होऊन चिरतो, आणि एका सैल हुकापासून वारा पत्रा उचलायला सुरुवात करतो. ते हूकही वर्षाआड बघावेच लागतात. म्हणजे पुन्हा चढणं आलंच.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल तर हात जोडून सांगतो, त्यावर थेट पाय ठेवू नका. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनानं काही आवाज न करता तुटतो. बोल्टांची रांग दिसते तिथंच खाली आधार असतो. दोन रांगांवर आडवी जाड फळी टाकून तिच्यावरूनच जायचं. मध्येमध्ये उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे शेवाळ धरून इतरांसारखेच दिसतात, त्यावर तर फळीशिवाय अजिबात नाही. शिवाय यातल्या बऱ्याच जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतो. ते करवतीनं कापू नका, फोडू नका, कोरडे घासू नका. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

स्लॅबवाले हसत असतील. पण स्लॅब गळतो म्हणून त्यावर पुन्हा पत्र्याची शेड घालणारी घरं तुमच्याच रस्त्यावर किती आहेत बघा. तिथं चढणारा माणूस दहा नव्हे, वीस-पंचवीस फुटांवर असतो.

तर जे काम वर चढूनच होणार आहे, त्यासाठी थोडे नियम. एकट्यानं चढायचं नाही. ओल असताना चढायचं नाही, सकाळच्या दवातसुद्धा नाही. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, वरचं टोक पागोळीच्या वर तीन फूट, आणि वर बांधलेली. शिडीचे पाय मातीत नाही, फळीवर. घरावर येणारी विजेची तार कुठून जाते ते बघून, मेन स्विच बंद करून. पण एक ध्यानात ठेवा, खांबापासून मीटरपर्यंतची तार त्यानंतरही चालूच असते, लोखंडी शिडी तिच्या जवळ न्यायची नाही. आणि कमरेला-खांद्याला पट्टा. त्याचा दोर आढ्यावरून पलीकडे टाकून पलीकडच्या मजबूत झाडाला किंवा खांबाला बांधलेला. पट्टा असला की माणूस घसरतो, पण पडत नाही. फरक एवढाच आहे, आणि काकांच्या बाबतीत तेवढाच पुरला असता.

साठीच्या पुढच्या माणसानं चढायचंच नाही. यावर वाद नको.

आता सोयीकडे येतो, जी एकेका घराला जमणार नाही पण वाडीला सहज जमेल.

एक. वाडीचा सामाईक संच. दोन चांगल्या अॅल्युमिनियमच्या शिड्या, चार पट्टे, दोन जाड दोर, चार फळ्या. पट्टा काही हजारोंची वस्तू नाही. आपल्या प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला, पालखीला, क्रिकेटच्या स्पर्धेला मंडळं मनापासून पैसे जमवतात, त्याबद्दल आदर आहे. एका स्पर्धेच्या ट्रॉफ्यांच्या खर्चात हा संच येतो आणि दहा वर्षं टिकतो. समाजमंदिरात ठेवायचा, वहीत नोंद करून न्यायचा, परत आणायचा.

दोन. शाकारणी घरानुसार नव्हे, वाडीनुसार ठरवा. वीस घरांनी मिळून एप्रिलच्या सुरुवातीलाच चार जणांची टोळी ठरवली, वीस-पंचवीस दिवसांचं सलग काम आणि आधी ठरलेला रोज दिला, तर स्लॅबवर जाणारी पोरंही येतील. चढणाऱ्याचा रोज खाली काम करणाऱ्यापेक्षा जास्त हवा, हे घासाघीस न करता मान्य करा. आणि जाणत्या म्हाताऱ्यांना वर नको, खाली खुर्ची टाकून बसवा. कुठलं कौल कसं बसवायचं ते त्यांनी सांगायचं, पोरांनी करायचं. शिकणं असंच होतं, आणि म्हाताऱ्यांनाही रोज द्या.

तीन. कागदपत्रं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. हाड मोडलं तर त्यातून काही मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. तिचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. हप्ता खात्यातून आपोआप जातो, पण खात्यात तेवढे पैसे नसले तर विमा बंद पडतो. म्हणून मे महिन्यात पासबुक बघा. आणि जी माणसं वर्षात ९० दिवस बांधकामाची, दुरुस्तीची कामं करतात, त्यांची वय ६०च्या आत असेल तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. इमारतींची दुरुस्तीही कायद्यात बांधकामात धरली आहे. ग्रामपंचायतीनं यासाठी गावात एक दिवस शिबिर लावलं तर कोणाचा रोज बुडणार नाही. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त कोणीतरी उभं राहावं लागतं.

चार. बंद घरं. चाकरमान्यांनो, हे तुमच्यासाठी. तुमचं घर बंद आहे म्हणून पाऊस ते वगळत नाही. एक वासा बसला की पाखी बसते, पाखी बसली की सामाईक भिंत भिजते, आणि शेजारचा म्हातारा रात्री उठून तुमच्या घरातलं पाणी उपसतो. गणपतीला येऊन "घर पडायला आलंय" म्हणण्यापेक्षा आत्ता वाडीच्या टोळीला आपल्या घराचे पैसे पाठवा. आणि फोनवर वडिलांना "जपून चढा" म्हणू नका. त्याऐवजी विचारा, "कोण चढणार आहे? त्याला पट्टा आहे का?" उत्तर समाधानाचं नसेल तर दोन दिवसांची रजा काढून या. आंबे खायला येताच ना?

आमच्या वाडीत यंदा शिड्या आणि दोन पट्टे आले आहेत, तेरा घरांनी नावं दिली आहेत, आणि टोळीत तिशीच्या आतली दोन पोरं आहेत. फार नाही, पण सुरुवात आहे. ज्यांना यादी कशी केली, रोज कसा ठरवला हे हवं असेल त्यांनी विचारा, सगळं सांगेन. आणि तुमच्या वाडीत शाकारणीचं काम जाणणारी किती माणसं उरली आहेत, त्यांची वयं काय, एवढं खाली नक्की लिहा. नावं नकोत, आकडा पुरे. तो आकडा बघितला की पुढचं बोलायला सोपं जाईल.